मुफीदाबाईंचा त्रेचाळिसावा अर्ज

वदीअ उस्ताद नोंदणी कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. चौतीस वर्षं लोकांच्या जन्मांवर, लग्नांवर आणि मरणांवर शिक्के मारलेला माणूस तो. घरी बसला आणि दोन महिन्यांत बायकोच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक देऊन मोकळा झाला. जिऱ्याचा डबा अकरा नंबर, तिळाचा बारा. एक दिवस त्यांनी बायकोला विचारलं, की मिठाची मागणी या आठवड्यात दोनदा कशी काय आली? इजलाल तशी सोसणारी बाई, पण त्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती कंबर कसून तडक मार कुल्ताच्या चर्चमध्ये गेली आणि पाद्रीबाबांसमोर उभी राहिली.

"अबूना, आमच्या यांना काहीतरी काम द्या. नाहीतर मीच इथे राहायला येते. झाडू मारीन, पण घरी नको."

अबूना सिदराक म्हणजे अगदी गरीब गाय. कुणाला नाही म्हणायचं तर त्यांना घाम फुटतो. त्यांनी खिसे चाचपले, एक किल्ली सापडली, ती देऊन टाकली. ती चिठ्ठ्यांच्या पेटीची किल्ली होती. दिली नसती तर बरं झालं असतं, पण ते आता बोलून काय उपयोग.

ही पेटी मार कुल्ताच्या चित्राखाली आहे. हा संत जिवंतपणी वैद्य होता, म्हणून मिन्या शहराच्या खाली नाईलच्या दोन्ही काठांवर ज्याचं काही दुखतं तो इथे येऊन चिठ्ठी टाकतो. दुखत नसलं तरी टाकतो. पोराला परीक्षेत पास कर. सासूला सद्बुद्धी दे. नवऱ्याला कुवेतचा व्हिसा मिळू दे, आणि मिळाला तर त्याला तिथे दुसरी कुणी मिळू नको देऊ. पूर्वीची पद्धत सोपी होती. शनिवारी पेटी ताटात उलटी करायची, रविवारी ते ताट वेदीवर ठेवायचं, आणि मग सगळ्या चिठ्ठ्या चर्चची पवित्र भाकर भाजायच्या भट्टीत टाकायच्या. देवानं वाचल्या, विषय संपला. कोणी काय मागितलं ते भट्टीला माहीत आणि देवाला माहीत.

उस्तादांना हे बघून हसावं की रडावं कळेना. आवक नोंद नाही, वर्गवारी नाही! त्यांनी जाडजूड वही आणली, रेघा मारल्या आणि पाच रकाने पाडले: आजार, प्रवास, परीक्षा, लग्न, इतर. दर शनिवारी चष्मा लावून ते बसायचे, चिठ्ठ्या वाचायचे, सुंदर अक्षरात यादी करायचे, आणि रविवारी धूप फिरवण्याच्या वेळी अबूना ती यादी सर्वांसमोर मोठ्यानं वाचायचे. लोकांना आवडलं. आपलं नाव मोठ्यानं ऐकू आलं की कुणाला आवडत नाही? सासूला सद्बुद्धी मागणाऱ्या सुनांची मात्र पंचाईत झाली. त्या पलीकडच्या गावातल्या चर्चमध्ये जाऊ लागल्या.

वही भरत गेली आणि उस्तादांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. लोक तेच तेच मागत होते! एकदा मागावं, नोंद झाली, उत्तराची वाट बघावी. पण नाही. तेच नाव, तोच आजार, तीच मुलगी, तोच न मिळणारा नवरा. मोठ्या उपासाच्या सातव्या आठवड्यात त्यांनी कोर्टासमोर बसणाऱ्या शिक्केवाल्याकडून एक शिक्का करून आणला: "पूर्वी सादर". लाल शाईची गादीही आणली. नियम असा केला, की एक मागणी तीन वेळा स्वीकारली जाईल. चौथ्या खेपेला चिठ्ठीवर शिक्का बसेल आणि ती ज्याची त्याला परत मिळेल.

"उस्ताद, हे जरा…" अबूना म्हणाले.

"प्रभूनं स्वतः सांगितलंय, अबूना. परधर्मीयांसारखी प्रार्थनेत वटवट करू नका म्हणून. मत्तय, अध्याय सहा."

"ते खरं हो. पण…"

"सातवं वचन," उस्ताद म्हणाले. वचनाचा क्रमांकच सांगितल्यावर अबूना काय बोलणार? ते धूपदाणी घेऊन आत गेले.

आता या नियमात सर्वांत मोठी गुन्हेगार कोण सापडली, तर मुफीदाबाई. बोक्तर शिंप्याची बायको. वहीत तिच्या नावापुढे रेघांचं जंगल झालं होतं. दर आठवड्याला एक चिठ्ठी, कापडाचे नमुने कापायच्या तपकिरी कागदावर, एकाच मापाची. नवऱ्याच्याच कात्रीनं कापलेली असणार. मजकूर एका अक्षरानं बदलायचा नाही: "प्रभू, माझ्या बोक्तरला मोठ्या शुक्रवारी चर्चमध्ये आण."

बोक्तरला गेल्या जूनमध्ये मशिनीवर बसल्या बसल्याच झटका आला होता. उजवं अंग गेलं, जीभ अर्धी गेली. उपासनेत गाणाऱ्या चौदा डीकनांचे, म्हणजे पाद्रीबाबांच्या मदतनिसांचे, पांढरे झगे त्याच्या हातचे, अबूनांचा काळा झगाही त्याच्याच हातचा, आणि तो आता चौथ्या मजल्यावर खिडकीशी खुर्चीत बसून होता. इमारतीत लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, पण तिथे मालकानं कबुतरं पाळली आहेत. पवित्र भाकर त्याला अबूना महिन्यातून एकदा घरी आणून द्यायचे. पण त्याला ते पुरत नव्हतं. त्याला मोठ्या शुक्रवारी, प्रभूच्या क्रुसाच्या दिवशी, चर्चमध्ये यायचं होतं. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही चारही दिशांना तोंड करून शंभर शंभर वेळा "किरियेलेसोन", म्हणजे "प्रभू, दया कर", म्हणतो आणि दर वेळी जमिनीला डोकं टेकतो. असे चारशे. बोक्तरनं बावन्न वर्षांत एकही चुकवलेला नव्हता. त्याच्या अर्ध्या जिभेवर एवढा एक शब्द मात्र धडधाकट उरला होता. मीठ हवं असलं तरी तो "किरियेलेसोन" म्हणायचा. डॉक्टर मुफीदाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले होते, हृदय दमलंय, पुढच्या वर्षाचं काही बोलू नका. म्हणजे हाच मोठा शुक्रवार. दुसरा नाही.

आणि वदीअ उस्ताद राहायचे कुठे? त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.

पाम रविवारच्या, म्हणजे मोठ्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी उस्तादांनी पेटी उघडली, तपकिरी कागद दिसला, त्यांनी वहीत बघितलं. त्रेचाळीस. त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि असा हाणला, की टेबलावरचा चहा हिंदकळला.

"कुणाचा जीव घेतलात?" इजलाल आतून म्हणाली. ती उपासाचं जेवण करत होती. पंचावन्न दिवस दूध नाही, अंडं नाही, मांस नाही, सगळ्यांचीच डोकी तापलेली.

"तुझ्या त्या मुफीदाबाईचा अर्ज. त्रेचाळिसावा! देव काय बहिरा आहे?"

इजलाल पळी हातात घेऊनच बाहेर आली. "अहो, तुम्हीच तिला चिठ्ठी टाकायला सांगितलंत ना?"

"मी?"

"तुम्हीच. जुलैत. जिन्यात थांबवलं होतं तिनं तुम्हाला. म्हणाली, उस्ताद, चार माणसं मिळाली तर खुर्चीत बसवून खाली नेता येईल. त्यावर तुम्ही म्हणालात, असं तोंडी काही चालत नाही, रीतसर पेटीत टाका. मी मागे भाजीची पिशवी घेऊन उभी होते."

"मग बरोबरच सांगितलं."

"तुमच्या आधी ती मुरीसकडे गेली होती." मुरीस म्हणजे डीकनांचा म्होरक्या, फ्रिजचं दुकान आहे त्याचं. "त्याची पोरं रोज पाचपाच मजले फ्रिज चढवतात. तो काय म्हणाला? आम्ही प्रार्थना करू. बाकीचेही तेच म्हणाले. अबूना म्हणाले, देव मार्ग काढेल. सगळ्यांनी ढकलत ढकलत बिचारीला त्या पेटीपर्यंत आणलं, आणि आता तुम्ही पेटीवरूनही हाकलताय!"

"माझी पाठ माहीत आहे ना तुला?"

"तुमच्या एकट्याच्या पाठीनं होणारच नाही ते. अजून तीन पाठी लागतात. तीनशे माणसं येतात चर्चला, त्यात तीन सापडणार नाहीत?"

"प्रभूच्या पुनरुत्थानाची ईद झाली की चर्चच्या समितीपुढे ठेवतो."

"ईदनंतर! अहो, तिला शुक्रवार हवाय." इजलालनं पळी आपटली. "आणि ती शुभवर्तमानातली विधवा? त्या न्यायाधीशाच्या दारात रोज जाऊन एकच रडगाणं गायची, शेवटी त्याला कंटाळून न्याय द्यावा लागला. अबूना ती गोष्ट सांगतात तेव्हा तर तुम्ही पहिल्या बाकावर बसून मान डोलावता."

"तो न्यायाधीश होता. मी कारकून. कारकुनाची गोष्ट शुभवर्तमानात नाही."

"असती तर फार छान नसती," इजलाल म्हणाली. "आणि तुमचं ते मुख्य डीकन व्हायचं? चार वर्षं रोज रात्री उशाशी काय पुटपुटता, मला ऐकू येत नाही होय?"

उस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ते तोंडी आहे," ते म्हणाले. "तोंडी मागणीला नियम लागू नाही." मग त्यांनी शिक्का मारलेली चिठ्ठी पाकिटात घालून वर नाव घातलं.

पाम रविवारी चर्च खचाखच भरलेलं. पोरांच्या हातात ताडाच्या पात्यांचे विणलेले क्रूस, बायकांच्या डोक्यांवर पात्यांचे मुकुट, सगळीकडे हिरवंगार. मिसा, म्हणजे रविवारची मुख्य उपासना, झाली आणि मग नेहमीप्रमाणे सर्वांची मिळून एक मयताची प्रार्थना झाली. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे कुणाच्याही मयतासाठी वेगळी प्रार्थना होत नाही, तो आठवडा एकट्या प्रभूच्या दुःखाचा. म्हणून जो कुणी त्या सात दिवसांत जाणार असेल त्याची प्रार्थना पाम रविवारीच उरकून घेतात. सगळे जिवंत लोक उभे राहून ती ऐकतात, पाद्रीबाबा अंगावर पाणी शिंपडतात, आणि ज्याच्या त्याच्या मनात येतं की ही बहुधा शेजाऱ्याची असावी.

ती झाल्यावर उस्तादांनी दारातच मुफीदाबाईंना गाठलं. बाई बुटक्या, काळ्या कपड्यांतल्या, हातात बोक्तरसाठी घेतलेला ताडाचा क्रूस. उस्तादांनी पाकीट पुढे केलं. बाईंनी ते उघडलं, लाल शिक्का बघितला, एकदा वाचला, पुन्हा वाचला.

"हे काय उस्ताद?"

"मुफीदाबाई, तुमचं म्हणणं पोचलेलं आहे. नोंद आहे. पुन्हा पुन्हा तेच नको. देवाला एकदा सांगितलं की पुरे."

दारात गर्दी होती. लोक चपला शोधायच्या निमित्तानं थांबले.

"मघाशी तुम्ही किरियेलेसोन किती वेळा म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"एकेचाळीस," उस्ताद म्हणाले. त्यांची मोजणी कधी चुकायची नाही, त्याचा त्यांना अभिमान होता.

"पहिल्याच वेळी ऐकलं नसेल का हो त्यानं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. उस्तादांचे कान लाल झाले. "ते विधीत आहे. विधीत एकेचाळीस लिहिलेत."

"माझे दहा महिन्यांत त्रेचाळीस झाले. तुमचे तीन मिनिटांत एकेचाळीस होतात." बाईंनी चिठ्ठीची घडी घातली. "बरं. मग आता मी काय करू, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल तसं करते. मागेही तसंच केलं."

ही संधी होती. बाई रडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर कदाचित कुणाच्या तरी मनाला लागलं असतं. मुरीस तिथेच उभा होता, चार फुटांवर, दंड एवढाले. पण उस्तादांच्या अंगातली कचेरी जागी झाली होती. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "मजकूर बदला. नवीन काही मागा. सहनशक्ती मागा, उदाहरणार्थ. सहनशक्तीची एकही मागणी आलेली नाही या वर्षी."

"नवीन मागितलं तर घ्याल?"

"का नाही? नवीन मागणी, नवीन नोंद."

मंगळवारी सकाळी पेटीत तपकिरी कागद पडलेला होता. उस्तादांनी तो उघडला. "प्रभू, चार माणसं दे. पाठ दुखत नसलेली."

खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं. बाईनं ऐकलं, मजकूर बदलला! त्यांनी पाचव्या रकान्यात, "इतर"मध्ये, सुवाच्य अक्षरात नोंद केली: चार माणसं, विनंती क्रमांक एक. पाठीचा उल्लेख त्यांना बोचला, पण नोंदीत त्यांनी तो गाळला नाही. ते प्रामाणिक माणूस होते. दुपारी जिन्यात मुफीदाबाई भेटल्या, भाजी घेऊन चढत होत्या, दर मजल्यावर थांबून दम घेत.

"उस्ताद, मिळाली का?"

"मिळाली, मिळाली. उत्तम. ईदनंतरच्या पहिल्या रविवारी वाचली जाईल."

"ईदनंतर?"

"या आठवड्यात वेदी बंद असते ना, मुफीदाबाई. यादी वाचत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वरून बोक्तरचा आवाज आला, "किरियेलेसोन," बहुधा तहान लागली असावी. "आले, आले," बाई म्हणाल्या आणि चढू लागल्या. उस्तादांना वाटलं, अजून काहीतरी बोलायला हवं होतं.  ते घरी गेले आणि पाठ शेकत पडले.

बुधवारी इजलालनं स्वतः मुरीसला दुकानात जाऊन गाठलं आणि त्याच्या पोरांसमोर त्याला फैलावर घेतलं. मुरीसनं छातीवर हात ठेवून सांगितलं, की शुक्रवारी बघतो, नक्की बघतो, पण शुक्रवारी सकाळपासून डीकनांना गायचं असतं, सातही स्तोत्रं त्याच्यावर आहेत, मधे कसं निघणार? शनिवारी चालेल का? इजलाल म्हणाली, शनिवारी तुझं डोकं. आणि घरी येऊन ती रडली. उस्तादांनी विचारलं काय झालं, तर म्हणाली, कांदा.

मोठ्या शुक्रवारी सकाळी चर्चला काळे पडदे लागलेले. अबूना काळ्यात, डीकन पांढऱ्या झग्यांवर काळ्या पट्ट्या लावून ओळीनं उभे, आणि त्यांच्या गळ्यातून ते लांबच लांब दुःखाचे सूर निघत होते. गायला लागले की चौदाही जण देवदूत वाटतात, हे मान्य करायलाच हवं. मधल्या प्रहरी अबूनांनी बेथझाथा तळ्याकाठच्या लंगड्याचा दाखला दिला: अडतीस वर्षं तो तिथे पडून होता, कारण आजार बरे करणारं ते पाणी हललं की त्याला उचलून तळ्यात सोडणारा कुणीच नव्हता. बायकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मुरीसनंही डोळे पुसले. उस्तादांनी मनात म्हटलं, काय निष्ठुर लोक होते त्या काळी!

दुपारी बारा-साडेबाराला इमारतीतली एक बाई धापा टाकत आत आली आणि इजलालच्या कानाशी लागली. इजलालच्या तोंडून असा आवाज निघाला, की गाणं थांबलं. बोक्तर गेला होता. कपडे घालून बसला होता, इस्त्रीचा सदरा, काळा कोट. कुणी येईल म्हणून बाईंनी पहाटेच त्याला तयार करून खुर्चीत बसवलं होतं. तसा बसल्या बसल्या गेला.

मग काय झालं ते बघा. अबूनांना काही सांगावंच लागलं नाही. मुरीसनं पुस्तक मिटलं आणि निघाला, त्याच्यामागे तेरा डीकन झगे सावरत, त्यांच्यामागे अजून दहाबारा जण. शवपेटी चर्चच्या मागच्या खोलीत तयारच असते; ती सहा जणांनी उचलली आणि गल्लीतून जवळजवळ पळतच आले. सातही स्तोत्रं मागे राहिली, एकही कुणाला आठवलं नाही. जिन्यात ही गर्दी! "मला धरू दे," "अरे, मी त्याच्या शेजारी चाळीस वर्षं उभा राहिलोय," "तू सरक, पुण्याचं काम आहे, सगळ्यांना मिळू दे." दोघांची तर तिसऱ्या मजल्यावर हमरीतुमरी झाली, पुढची उजवी बाजू कुणाची यावरून. इजलाल भिंतीला टेकून हे बघत होती. 

आणि उस्ताद? उस्ताद मध्यभागी! दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पेटी कशी तिरपी करायची ते तेच सांगत होते. "पुढचे खाली, मागचे वर, आता फिरवा, हां… शाब्बास!" आणि कुणाचा तरी हात सुटला तेव्हा त्यांनी स्वतः खांदा दिला. पाठीला काही झालं नाही. पाठ अशी ताठ होती, जणू कधी दुखलीच नव्हती. चार मजले उतरायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

"काही जड नाही हो," खाली आल्यावर मुरीस घाम पुसत म्हणाला. "उगाच घाबरत होतो आपण."

मुफीदाबाई शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.  कुणीतरी त्यांचा हात धरायला गेलं, तर त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि पेटीमागून चालू लागल्या.

चर्चमध्ये पेटी काळ्या पडद्यासमोर, अगदी पुढे ठेवली. वेगळी प्रार्थना नाही, भाषण नाही. त्याची ती पाम रविवारीच होऊन गेली होती, सगळ्यांबरोबर. बोक्तर फक्त त्या दिवसाच्या विधीला हजर होता, बाकीचे होते तसाच. अबूना म्हणाले, "अंधार पडायच्या आत दफन करू. पण चारशे होऊन जाऊ देत आधी. त्याची इच्छा होती."  उस्तादांच्या मागे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, शेवटी देवानं ऐकलंच मुफीदाचं. आणलाच ना त्याला मोठ्या शुक्रवारी!" शेजाऱ्यानं मान डोलावली. आणि उस्तादांच्याही मनात, अगदी सवयीनं, येऊन गेलं, की मागणी निकाली निघाली. मग ते जे मनात आलं त्याची त्यांनाच शिसारी आली.  त्यांनी समोरच्या बाकाला घट्ट धरलं.

चारशे सुरू झाले. आधी पूर्वेला, वेदीकडे. "किरियेलेसोन," आणि तीनशे डोकी जमिनीला. मग पश्चिमेला, दाराकडे. मग उत्तरेला, भिंतीकडे. उस्ताद मोजत होते, गुडघे कुरकुरत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि उस्तादांना तो हवाच होता. घाम डोळ्यांत असला की कुणी काही विचारत नाही. एवढ्या मनापासून त्यांनी तो एक शब्द आयुष्यात कधी म्हटला नव्हता. प्रत्येक वेळी तेच मागत होते. प्रत्येक वेळी, पहिल्यांदाच मागतोय असं.

उरलेली दिशा दक्षिण. आमच्या चर्चमध्ये पुरुष उत्तरेच्या बाजूला आणि बायका दक्षिणेच्या, त्यामुळे शेवटच्या शंभराला सगळे पुरुष वळतात तेव्हा त्यांची तोंडं बायकांकडे होतात. उस्ताद वळले. सगळ्या बायका उभ्या होत्या, पाठमोऱ्या, भिंतीकडे तोंड करून. एकट्या मुफीदाबाई बाकावर बसून होत्या, त्याही उलट्या फिरून, पुरुषांकडे तोंड करून. बघत होत्या. रागानं नाही, नुसत्या बघत होत्या, एकेका चेहऱ्याकडे, सावकाश.

इजलाल वाकून त्यांना म्हणाली, "उठा, मुफीदाबाई. शेवटचे शंभर. बोक्तरसाठी म्हणा."

मधे थोडी शांतता असते, दिशा बदलताना. त्यात बाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"माझं मागून झालं, इजलाल. आता यांना मागू दे."

अबूनांनी सुरुवात केली. "किरियेलेसोन," म्हणत उस्ताद खाली वाकले, कपाळ फरशीला टेकवलं आणि तिथेच राहावं असं त्यांना फार वाटलं. पण बाकीचे उठले, म्हणून तेही उठले. मुफीदाबाई आता त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि अजून नव्याण्णव वेळा त्यांना तिकडेच तोंड करून उठायचं होतं.